डोंगराला गिऱ्हाईक नाही

चित्र, नाटक, कादंबरी यांच्यावर आपल्याकडे टीका भरपूर होते. दिवाळी अंक तर तिच्यावाचून निघतच नाहीत. परंतु एखादा गृहस्थ नोकरीधंदा सांभाळून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, घरातल्या एका खोलीत वीसवीस वर्षे खपून जी छोटी आगगाडी उभी करतो, तिच्याकडे टीकाकाराने वळून पाहावे असे मराठीत सहसा घडत नाही. रूळ, स्टेशन, पूल, बोगदे, डोंगर, डोंगरावरची झाडे आणि फलाटावर गाडीची वाट पाहत उभा असलेला जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा उतारू, असे एक सबंध जग मेजावर मावलेले असते. पाहुणे ते पाहतात, "काय हौस आहे हो!" असे म्हणतात आणि चहाला बाहेरच्या खोलीत येतात. हौस हा शब्द प्रेमाचा खरा. पण त्यात एक निकालही दडलेला असतो. ही वस्तू कौतुक करण्याजोगी आहे, विचार करण्याजोगी नव्हे, असा तो निकाल आहे.

मला तो मान्य नाही. अशी मांडणी ही कलाकृती आहे. तिला तिचे नियम आहेत, तिच्यात सरस-नीरस आहे, आणि ती पुरी होऊन विकायला निघाली म्हणजे तर तिचे खरे स्वरूप फारच स्पष्ट दिसते.

आधी नियमांचे पाहू. खेळणे आणि प्रतिकृती यांतला भेद मापाचा असतो. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की पुरे. प्रतिकृतीत इंजिन, डबा, दरवाजा, माणूस या सर्वांना एकाच आकड्याने भागलेले असावे लागते. जगात सर्वांत रूढ असलेले माप १:८७ हे आहे. प्रत्यक्षात सत्त्याऐंशी मीटर असेल ते येथे एक मीटर. युरोप-अमेरिकेतल्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर; त्याला सत्त्याऐंशीने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. म्हणून बाजारात मिळणारे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात.

आता आपली अडचण पाहा. आपल्या रुंदमापी रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर आहेत. भागाकार केला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे मुंबईची गाडी या तयार रुळांवर उभी केली की ती पावणेतीन मिलिमीटरांनी खोटी ठरते. इंग्रजांनाही असाच घोळ निस्तरावा लागला. त्यांची इंजिने आकाराने लहान; १:८७ च्या मापात त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा त्यांनी इंजिने आणि डबे १:७६ च्या मापाने थोडे मोठे केले आणि रूळ मात्र तेच ठेवले. परिणामी इंग्रजी गाड्या छोट्या जगात अजूनही अरुंद रुळांवर धावतात.

वळणांचे तर विचारूच नका. आपल्या रुंदमापी मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी ठेवत नाहीत. १:८७ च्या मापाने ती दोन मीटर होते. अर्धे वर्तुळ काढायचे म्हटले तरी चार मीटर रुंदीची खोली हवी! म्हणून घरोघरच्या गाड्या अर्ध्या मीटरच्या आतबाहेर वळतात. आणि कोणी बोरघाट करायला घेतला तर? कर्जत ते लोणावळे हे सुमारे अठ्ठावीस किलोमीटर अंतर या मापाने तीनशेवीस मीटर भरेल, आणि साडेपाचशे मीटरांचा चढ सहा मीटरांहून उंच जाईल. एवढे घर कोणाचे असते?

तेव्हा मापाचा नियम सांगून झाला की तो मोडावाच लागतो. नेमकी येथेच कलेला सुरुवात होते. घाटातले पंचवीस बोगदे करता येत नाहीत; दोन करायचे असतात. मग ते कोणते दोन? चढाचा भास किती उंचीने होईल? कोणते वळण झाडीआड लपवले म्हणजे त्याचा खोटेपणा डोळ्याला जाणवणार नाही? कथाकाराला आयुष्यातली चार वर्षे वगळून दोन संध्याकाळी निवडाव्या लागतात, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. ज्याने काहीच वगळले नाही, मिळेल तितके रूळ मेजावर गुंडाळले आणि चार गाड्या एकाच वेळी गरगर फिरवल्या, त्याच्याकडे माल पुष्कळ असतो पण मुलूख नसतो.

या कलेला मुलूख मिळवून दिला तो जॉन अ‍ॅहर्न या इंग्रजाने. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच त्याने आपल्या घरी 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक रेल्वे उभारायला घेतली. तोवर हौशी लोकांचे सगळे लक्ष इंजिनावर असे. देखावा म्हणजे मागे टांगलेला पडदा. अ‍ॅहर्नने उलटे केले. त्याने आधी एक बंदर, एक खेडे, त्यातली घरे आणि दुकाने कल्पिली आणि त्या गावांना गरज आहे म्हणून त्यांच्यामधून एक साधी, जुनाट गाडी नेली. पाहणाऱ्याला वाटावे, की गाडी बंद पडली तरी ही गावे नांदतीलच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथे जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने हेच दुसऱ्या रीतीने साधले. त्याच्या रेल्वेचे नावच मिस्किल होते. 'गोर अँड डॅफेटिड' असे लिहायचे, आणि उच्चारले की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ कानी पडायचा. जमिनीपासून छतापर्यंत गेलेले कडे, त्यांवरचे भयंकर पूल आणि सर्वत्र गंज, धूळ, काजळी! नवी कोरी वस्तू खोटी दिसते, वापरलेली खरी दिसते, हे त्याने पटवून दिले.

आणि तिसरे पीटर डेनी. हे धर्मोपदेशक. 'बकिंगहॅम' या काल्पनिक शाखेवर त्यांनी महायुद्धानंतरच्या वर्षांपासून हयातभर काम केले. अरुंद रुळांचा खोटेपणा सहन न होऊन त्यांनी अठरा मिलिमीटरांचे रूळ स्वतः घातले. पण त्यांचे वैशिष्ट्य याहून मोठे आहे. त्यांच्याकडे गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत. एका स्टेशनाहून दुसऱ्याला घंटेच्या ठोक्यांनी वर्दी जाई. एक स्टेशन त्यांचा मुलगा सांभाळी. तो नसेल तेव्हा त्याचे काम करायला त्यांनी एक यंत्र बनवले आणि त्याला मुलाचेच नाव दिले: 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. डेनींची रेल्वे पाहायची वस्तू नव्हतीच; ती घडवून आणायची गोष्ट होती. नाटकाची संहिता, नेपथ्य आणि नट मिळून प्रयोग होतो, तसा येथे रोजचा प्रयोग होई.

हे ध्यानात घेतले म्हणजे विक्रीचा प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. माणूस म्हातारा होतो, घर बदलावे लागते, मुले दूरदेशी गेलेली असतात. मग पुरी झालेली रेल्वे विकायला निघते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण बाजार तिच्याकडे कसा पाहतो? इंजिने आणि डबे, म्हणजे कारखान्यात तयार झालेला माल, पटकन उचलला जातो. त्यातही मूळ खोके जपून ठेवले असेल तर भाव जास्त. आणि जे इंजिन खोक्यातून कधी बाहेर काढलेच नाही, त्याचा भाव सर्वांत जास्त. जे धावले नाही ते मोलाचे, जे वीस वर्षे धावले ते झिजलेले! त्यानंतर रूळ आणि विजेचे सामान निम्म्या-पाव किमतीला जाते. शेवटी राहतो तो डोंगर. जाळीवर प्लॅस्टर चढवून केलेला, तारा पिळून केलेल्या झाडांचा, ज्याच्या एका कड्यासाठी मालकाने पावसाळाभर रंग जमवले तो डोंगर. त्याला गिऱ्हाईक नाही. तो दरवाजातून बाहेर जात नाही म्हणून करवतीने कापावा लागतो.

म्हणजे विकत आणलेले होते तेवढेच पुन्हा विकले गेले. हाताने केलेले होते ते कचऱ्यात गेले. बाजाराला मी दोष देत नाही. नाटक कंपनी मोडली तर पडदे, पेट्या आणि दागिने लिलावात जातात. प्रयोग लिलावात कसा जाणार? त्याची गाठोडी बांधता येत नाहीत. छोट्या रेल्वेतही इंजिन खरीदणाऱ्याला इंजिन मिळते. कोणती गाडी कोणत्या गाडीची वाट पाहते, आणि दुसऱ्या सांध्यावर गाडी का अडखळते, हे त्या खोक्यात नसते.

मग हे टिकते कसे? वरच्या तिघांचे काय झाले तेच पाहावे. जॉन अ‍ॅलन ६ जानेवारी १९७३ रोजी वारला आणि त्यानंतर दहाच दिवसांत त्याच्या घराला आग लागून ती रेल्वे भस्मसात झाली. परंतु त्याने काढलेली छायाचित्रे आणि आपली करणी सांगणारे लेख मासिकांतून आधीच घरोघर गेले होते. हजारो मेजांवरच्या डोंगरांना जो गंज आणि जी धूळ लागली, ती त्याच्याच घरची. अ‍ॅहर्न १९६१ साली निवर्तला. त्याची मॅडर व्हॅली ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनहॅम गावच्या पेंडन संग्रहालयात जपली गेली. शिवाय छोटी घरे, छोटा निसर्ग आणि छोटी इंजिने कशी करावीत यावर एकेक पुस्तक लिहून त्याने आपली विद्या मोकळी केली होती. डेनी २००९ साली गेले. त्यांची बकिंगहॅम एका जाणत्या हौशी माणसाच्या हाती आली. त्याने ती नुसती खोलीत मांडून ठेवली नाही. तिचे जुने सांधे, जुन्या तारा आणि डेनींच्या युक्त्या शिकून घेऊन ती पुन्हा वेळापत्रकाप्रमाणे धावती केली.

ज्या पेंडन संग्रहालयात मॅडर व्हॅली आहे, त्याची कथाही याच अर्थाची आहे. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला. तिथल्या एका खोऱ्यातली गवती छपरांची जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत हे पाहून त्याने ती मापाबरहुकूम छोटी करून ठेवायचे मनावर घेतले. एका घरावर महिनेच्या महिने जात. एका आयुष्यात हे काम पुरे होणारे नव्हते. म्हणून १९५४ साली संग्रहालय निघाले, आणि इतर हातांनी तेच माप, तीच शिस्त पुढे चालवली.

आपल्या पुण्यातही याचे एक ठळक उदाहरण आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांना खुले झाले. जे एरव्ही एका घरातच राहिले असते ते तेथे शाळकरी मुलांच्या रांगांनी पाहिले. टीकाकार म्हणून मला एवढेच म्हणावेसे वाटते, की ते शहर कोण्या एका गावाचे नाही. तिथे सर्कस आहे, लोंबती रेल्वे आहे, मोटारीत बसून पाहायचे सिनेमागृह आहे. जे जे मौजेचे ते ते आहे. अ‍ॅहर्नच्या खेड्यात एकाच जागेचा जो वास येतो, तो इथे येत नाही. पण डोंगर करवतीखाली जाऊ न देता सर्वांपुढे ठेवला, हे त्या संग्रहालयाचे मोठेपण या उणिवेहून वरचढ आहे.

हा सारा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. या आठवड्यात आपल्या अंगणात, जिन्याखाली, इमारतीच्या कोपऱ्यात किल्ले उभे आहेतच. त्यांत माप नसते. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि वाघ महाराजांच्या सिंहासनाएवढा. पण विटा कोणी आणल्या, माती कोणी कालवली, आळीव कोणी पेरले हे सर्वांना ठाऊक असते. अलीकडे तयार किल्लेही बाजारात मिळू लागले आहेत, जसे तयार रुखवत मिळते. घेणाऱ्याची अडचण मी समजू शकतो. जागा नाही, माती नाही, वेळ नाही. मात्र तयार किल्ला पाहून शेजारचा मुलगा "तुझी तटबंदी पडत कशी नाही रे?" असे विचारत नाही. त्या किल्ल्याबद्दल विचारण्यासारखे घरात कोणाला काही माहीतच नसते.

म्हणून ज्याच्या घरी अशी पुरी झालेली रेल्वे असेल आणि ती विकायची वेळ आली असेल, त्याला माझी सूचना साधी आहे. इंजिने खुशाल विकावीत. त्यांना भाव येईल. पण त्याआधी एक वही करावी. कोणता रंग कशात कालवला, झाडाची तार किती जाड घेतली, कोणता बोगदा कुठल्या खऱ्या बोगद्यावरून केला, कोणते वळण नाइलाजाने खोटे ठेवले, हे तीत लिहावे. चार पोरांना बोलावून गाड्या कशा सोडायच्या ते शिकवावे. घेणारा मिळाला तर त्याला, पैसे मोजण्यापूर्वी, चार रविवार शेजारी बसवावे. जो बसेल त्याला डोंगर फुकट द्यावा. आणि कोणीच बसले नाही, तरी वही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती द्यावी. दुसऱ्या कोणाच्या तरी मेजावर त्या डोंगराचे निदान एक झाड उगवेल.