विधिमंडळाची चौकशी आणि मक्तेदाराची अनुपस्थिती

सार्वजनिक कामांवरील खर्चाची तपासणी लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने करावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि त्या कामांचा मक्ता घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्तनाची तपासणी या व्यवस्थेत कितपत होते, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्राच्या पाटबंधारे प्रकरणाने त्याची निकड दाखवून दिली.

२०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून दशकभरात सिंचित क्षेत्र केवळ ०.१ टक्क्याने वाढल्याचा निष्कर्ष काढण्यात आला व मोठा वाद उद्भवला. पूर्वी जलसंपदा खाते सांभाळलेले तत्कालीन उपमुख्यमंत्री, बारामतीचे तेव्हाचे आमदार अजित पवार यांनी आरोप नाकारून सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली व डिसेंबरात ते पदावर परतले. श्वेतपत्रिकेने खर्चवाढीची कारणे भूसंपादन, पुनर्वसन, संकल्पचित्रांतील बदल व चढत्या किमती यांत शोधली. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु त्यांच्या मांडणीत कर्ता नाही. वाढीव दर मागितला कोणी, हे तीवरून उमगत नाही. माधव चितळे यांच्या समितीने २०१४ मध्ये नियमभंगांची नोंद केली; तेथेही उत्तरदायित्वाचा भर अधिकाऱ्यांवरच राहिला.

याचे मूळ कार्यपद्धतीत आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो, लोकलेखा समिती त्याची छाननी करते आणि साक्ष होते ती खात्याच्या सचिवाची. मक्तेदार तेथे केवळ खात्याच्या कागदांतील नोंद म्हणून वावरतो. विधिमंडळ हे न्यायालय नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. कारण व्यक्ती व कागदपत्रे मागविण्याचा अधिकार संसदीय समित्यांस आहेच. उणीव आहे ती अधिकाराची नव्हे, प्रघाताची.

मुंध्रा प्रकरणाशी तुलना उद्बोधक ठरते. १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या शेअर-खरेदीचा प्रश्न उपस्थित केला, न्या. छागला यांनी उघड सुनावणी घेतली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्न संसदेत उठला, पण व्यवहाराचे दोन्ही पक्ष लोकांसमोर आले ते सभागृहाबाहेर.

या उणिवेची किंमत कोण मोजतो, हे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्राकडे पाहिल्यास कळते. हा जुना कालवा उपरोक्त वादाचा विषय नव्हे. पण बारामतीतून इंदापुराकडे जाताना तो एक कसोटी देतो. सिंचनाचे मोजमाप मंजूर रकमेने नव्हे, शेवटच्या चारीत पोहोचलेल्या पाण्याने व्हावयास हवे. कोणत्याही योजनेच्या टोकाशी बसलेला शेतकरी मक्तेदाराला जाब विचारू शकत नाही. त्याच्या वतीने तो विचारण्यासाठीच सभागृह आहे. सभागृहाने खात्यालाच विचारून समाधान मानले, तर हिशेब पुरा होईल, पण न्याय अर्धाच राहील.