शाळेंतील तारायंत्र : एक परीक्षण

जुन्या शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेंत, धूळ खात पडलेल्या एखाद्या कपाटांत, तारायंत्र हटकून सांपडे. लाकडी पाटीवर पितळेची कळ, तिच्या शेजारीं दोन रिळांचा विद्युच्चुंबक, त्यावर खालींवर होणारी दांडी, म्हणजे साउंडर, आणि बाजूला एकदोन घट, एवढाच त्याचा संसार. बोस्टनचा कारागीर डॅनियल डेव्हिस १८४२ सालीं चुंबकत्वावर पुस्तक काढून अशीं अध्यापनाचीं उपकरणें विकीत होता. पुढें हा प्रकार अमेरिकेंतील शाळांतून चांगलाच रूढ झाला. आज हीं यंत्रें संग्रहालयांत व हौशी संग्राहकांच्या घरीं मांडलेलीं असतात, आणि त्यांची वाखाणणी होते ती पितळेच्या झळाळीवरून. आम्हांस हें पुरेसें वाटत नाहीं. जी वस्तु शिकविण्यासाठीं घडली तिचें परीक्षण ग्रंथाप्रमाणेंच व्हावयास पाहिजे. तिनें काय शिकविलें, आणि काय झांकून ठेवलें?

प्रथम गुण पाहूं. या यंत्रांत लपविलेलें असें कांहींच नाहीं. कळ दाबली कीं प्रवाह सुरू होतो, चुंबक दांडीस खालीं ओढतो. कळ सोडली कीं कमान तिला पुन्हा वर घेते. कारण आणि कार्य यांची गांठ मुलास डोळ्यांनीं दिसते. दुसरा गुण कानाचा. मोर्सच्या आरंभींच्या यंत्रांत कागदाच्या पट्टीवर खुणा उमटत. पण तारमास्तर पट्टीकडे न पाहतां नुसत्या 'कट्ट-कडकट्ट' वरून मजकूर उतरूं लागले, आणि पट्टी मागें पडून साउंडर पुढें आला. दांडीचा खालचा ठोका व वरचा ठोका यांमधील काळ थोडा असला तर तें टिंब, अधिक असला तर ती रेघ. पुस्तकांतील तक्त्यावरून हें कधीं उमगत नाहीं. यंत्रापुढें बसलेल्या मुलास तें अल्पावकाशांत उमगतें.

आतां दोष. तो किरकोळ नव्हे. टेलिग्राफ या शब्दाचा अर्थच दूरलेखन. आणि या यंत्रांत दूर असें कांहींच नाहीं! वीतभर तारेच्या एका टोकास कळ, दुसऱ्या टोकास साउंडर. जी अडचण सोडवितांना थोर थोर बुद्धिमंतांनीं हात टेकले, तीच येथून काढून टाकलेली आहे. १८२५ सालीं इंग्लंडांत बार्लोनें प्रयोग केले, तेव्हां केवळ २०० फूट तारेंत विजेचा प्रभाव इतका घटला कीं विद्युत्-तारायंत्र व्यवहारांत येणार नाहीं असें त्यानें ठरवून टाकलें. ही गांठ सुटली ती एका शाळेंतच. न्यूयॉर्क संस्थानांतील अल्बनी अ‍ॅकॅडमींत जोसेफ हेन्री हा गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत असे. लांब तारेस्तव अनेक घट एकापुढें एक जोडावे आणि चुंबकावर लांबच लांब तारेचे पुष्कळ वेढे द्यावे, हें त्यानें दाखविलें. आणि १८३१ च्या सुमारास खोलीभोंवतीं मैलाहून अधिक तार फिरवून तिच्या टोकाशीं घंटा वाजविली. त्यानें त्याचें पेटंट घेतलें नाहीं. मोर्सचें पहिलें यंत्र सुमारें ४० फुटांपलीकडे चालेना, तेव्हां रसायनाचे प्राध्यापक गेल यांनीं हेन्रीच्या शोधाकडे त्याचें लक्ष वेधलें. त्यानंतरच अंतर वाढत गेलें, आणि २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश गेला.

म्हणजे तारायंत्राच्या जन्मकथेंत शिक्षकांचा वांटा केवढा! आमच्या देशांतही १८३९ सालीं कलकत्त्यास तारेचे पहिले प्रयोग करणारे ओशॉनेसी हे तेथील मेडिकल कॉलेजांत रसायनाचे अध्यापकच होते. आणि त्याच वर्गांत आलेलें हें यंत्र मुलांस काय सांगतें? कीं मोर्स नांवाच्या गृहस्थास एके दिवशीं युक्ति सुचली, त्यानें कळ दाबली, आणि 'कट्ट' झालें! शोध म्हणजे अडचणीशीं झालेली दीर्घ झटापट, हा शास्त्राच्या शिक्षणाचा गाभा. तोच येथें हरवतो.

लहान मुलांस सोपेंच द्यावें, असा यावर आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे. परंतु अडचण सोपी करून सांगणें निराळें, आणि अडचण नव्हतीच असें भासविणें निराळें. आम्हीं एकदां एका वर्गांत कळ व साउंडर यांमध्यें बारीक तारेचें मोठें रीळ जोडलें. साउंडर गप्प झाला. मुलें हंसलीं, यंत्र बिघडलें म्हणालीं. आम्हीं एकेक घट वाढवीत गेलों, तेव्हां दांडी हळूहळू थरथरूं लागली आणि अखेर ठोका पडला. मग घट काढून घेऊन, पुष्कळ वेढ्यांचा रिले मध्यें घातला. क्षीण प्रवाहानें त्याची हलकी जीभ हालली, तिनें जवळच्या घटांचें दुसरें मंडळ जोडलें, आणि साउंडर पहिल्यासारखा खणखणीत बोलूं लागला. त्या दिवशीं घंटा होऊनही वर्ग उठेना.

आपल्या देशांतील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. तार आली म्हणतांच घरांत होणारें धस्स आतांच्या मुलांस ठाऊक नाहीं, आणि तें ठाऊक नसलें तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु हीं यंत्रें जेथें जेथें जपून ठेविलीं आहेत तेथील चालकांस आमची एक विनंति आहे. पितळ खुशाल घांसावें. पण शेजारीं तारेचें एक भलें मोठें रीळही ठेवावें, आणि पाहणाऱ्या मुलास साउंडर गप्प कसा होतो हें एकदां तरी ऐकूं द्यावें.