पलंगावरचे पानिपत

माणसाला एखादे व्यसन असावे, पण ते चारचौघांत सांगता येण्याजोगे असावे. तंबाखू खातो म्हटले तर समोरचा माणूस चुन्याची डबी पुढे करतो. 'मी मातीचे मावळे गोळा करतो आणि एकटाच दोन्ही बाजूंनी लढाई खेळतो' म्हटले की तो आधी माझ्याकडे संशयाने आणि मग सौ.कडे सहानुभूतीने पाहतो.

सगळा दोष दिवाळीच्या किल्ल्याचा. मुलगी मोठी झाली, तिने किल्ला करणे सोडले. मी सोडले नाही. दरवर्षी पुण्याच्या कुंभारवाड्यातून मावळे आणत राहिलो. एका रविवारी जुन्या बाजारात शिशाचा विलायती शिपाई मिळाला. लाल डगला, उजवा हात गायब.

"साहेब, अँटिक आहे," विक्रेता म्हणाला.

"अहो, पण हात कुठाय?"

"तो गेला म्हणून तर अँटिक!"

हा थोटा शिपाई पुढे आमच्याकडे इब्राहिमखान गारदी म्हणून नोकरीला लागला. माझी बदली पौडला झाली तेव्हा मुळशी तालुक्यात दोन ट्रंका आल्या. एकीत फौज, दुसरीत अप्पा बळवंत चौकात जमवलेली इतिहासाची जुनी पुस्तके. भाड्याच्या खोलीत टेबल मावेना, म्हणून रणांगण पलंगावर.

विलायतेत या खेळाला मोठी प्रतिष्ठा आहे. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली त्यावर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले. पुढे १९७३ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन या गृहस्थांनी खास एकट्याने खेळणाऱ्यांसाठी पुस्तक काढले. जोडीदार नसेल तर शत्रूच्या मनात काय आहे हे फाशांना आणि पत्त्यांना विचारायचे, मग उठून पलीकडच्या बाजूला बसायचे आणि तिकडूनही तितक्याच इमानाने लढायचे. मी पडलो बी. कॉम. मला हा खेळ लगेच समजला. ही तर डबल एंट्री!

आणि इथेच आमच्या इतिहासाच्या पुस्तकांशी माझे भांडण सुरू झाले. ती बहुतेक सिंगल एंट्रीत लिहिलेली असतात. सारा शौर्याचा जमाखर्च आपल्याच नावावर. रणधुमाळी माजते, रक्ताचे पाट वाहतात, शत्रूला पळता भुई थोडी होते. वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण पलंगावर फौज मांडायला बसले की कळते, रणधुमाळी चादरीवर ठेवता येत नाही. घोडी किती? नदी कुठल्या अंगाला? सैन्य सकाळी काय खाऊन निघाले? शत्रू पळाला तो कोणत्या दिशेने? लेखक गप्प.

बाजारही तसाच. कुंभाराला म्हटले, "एक डझन अफगाण द्या." तो म्हणाला, "ते कोण घेणार साहेब? फार तर वाघ घेऊन जा." तेव्हा माझ्या अब्दालीच्या फौजेत शाईने रंगवलेले मावळे आहेत आणि दोन वाघ.

या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले ते त्र्यं. शं. शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१' या पुस्तकाला. शेजवलकरांना मते भरपूर आणि ती लपवायची त्यांना सवय नाही. पण पुस्तक उघडून फौज मांडता येते. सैन्याचा गोल, डाव्या अंगाला गारद्यांच्या तोफा, बायाबापडे आणि बुणगे आत, पोटात अन्न नाही, आणि गोल न मोडता यमुनेकडे सरकायचे. गारदी रोहिल्यांना भाजून काढतो. एवढ्यात आपलेच काही सरदार गोल मोडून पुढे धावतात.

नियमाप्रमाणे मी उठलो आणि अब्दालीच्या बाजूला बसलो. तिकडून ती फट स्वच्छ दिसली. माझ्याकडे राखीव फौज ताजीतवानी होती. फासा टाकला, दान अब्दालीचे पडले. मी पुन्हा टाकला.

खरे सांगतो, तीन संध्याकाळी मी असे फासे बदलले. घरात ऑडिटर थोडाच येतो! चौथ्या दिवशी मात्र पडलेले दान पडू दिले. १४ जानेवारी १७६१ ची लढाई मी हरलो आणि पहिल्यांदाच ती मला समजली. पेशव्यांना ती बातमी कळली ती सावकाराच्या पत्रातून. मोती किती गळाले, मोहरा किती हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. एवढ्या पोवाड्यांत मला तोच खरा ताळेबंद वाटतो.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेचे एक जुने खातेदार फॉर्म भरून घ्यायला घरी आले. वय ऐंशीच्या घरात. पलंगाकडे बघत राहिले. "साहेब, आमची मुळशीची मांडा की."

"आबा, तिथे कुठे फौज होती?"

"फौज न्हवती, सेनापती व्हता!"

खरेच की. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच मुळशीच्या सत्याग्रहात. १९२१ साली धरणाच्या पायाच्या खोदकामात माणसे जाऊन बसली होती. आबांचे वडील तेव्हा नऊ वर्षांचे, आईच्या मांडीशी.

माझ्याकडे भाले होते, तलवारी होत्या, तोफा होत्या. एकही उपयोगाचे नव्हते. शेवटी ट्रंकेच्या तळाशी हात घातला. किल्ल्याच्या बुरुजापेक्षा उंच म्हणून मी नापास केलेली गवळण, दळणारी बाई, विहिरीवरची बाई, बैलवाला शेतकरी. चादरीला एक घडी पाडून त्यांना ओळीने त्यात बसवले.

"आता पलीकडं बसा," आबा म्हणाले. त्यांना नियम कुणी सांगितला देव जाणे.

मी पलीकडे बसलो. म्हणजे मी आता वीज कंपनी. मुंबईला वीज हवी, गिरण्या चालायला हव्यात. माझी बाजूही काही अगदीच लंगडी नव्हती. डोक्यावर दिवा जळतच होता. मी फासा हातात घेतला आणि तसाच धरून बसलो.

"आमची एंट्री कुठल्या बाजूला करता वो तुम्ही, बँकेत?" आबांनी विचारले.

वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

रात्री सौ. नेहमीप्रमाणे म्हणाली, "चला, पलंग मोकळा करा." मी म्हटले, "आज राहू दे. ती उठली नव्हती, उठवावं लागलं होतं." तिने एकदा त्या गवळणीकडे पाहिले आणि काही न बोलता जमिनीवर सतरंजी अंथरली.