बधिर बोटे आणि वाचकांचा राग

गेल्या पावसाळ्यात आमच्या खंडाळ्याच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन कन्येने एक इंग्रजी कादंबरी आम्हांस परत आणून दिली. ‘‘फादर, शंभर पानांपुढे वाचवेना. असला माणूस नायक कसा?’’ एवढेच ती म्हणाली. ग्रंथ होता अमेरिकन लेखक स्टीफन डोनाल्डसन यांचा ‘लॉर्ड फाउल्स बेन’. कुष्ठरोगावरील अद्भुतकथा म्हणून आम्हीच तो तिला सुचविला होता. आत काय आहे याची कल्पना आधी द्यावयास हवी होती. ती दिली नाही, ही आमची चूक.

१९४७ साली जन्मलेल्या डोनाल्डसन यांचे बालपण आपल्या देशात गेले. वडील अस्थिशल्यविशारद, मिरजेच्या मिशन रुग्णालयात ते कुष्ठरुग्णांवर उपचार करीत. आमच्या घाटातून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या ज्या मिरजेवरून जातात, तीच ही मिरज. पुढे अमेरिकेत वडिलांचे कुष्ठरोगावरील भाषण ऐकताना कादंबरीचे बीज पुत्राच्या मनात पडले. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ही कथा १९७७ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. २०१३ पर्यंत खंडांची संख्या दहा झाली.

नायक थॉमस कव्हेनंट हा लेखक. रोगामुळे उजव्या हाताची दोन बोटे गेली, पत्नी मुलास घेऊन निघून गेली. त्याने गावात पाऊल टाकू नये म्हणून गावकरी त्याची बिले परस्पर भरून टाकतात. बोटांना स्पर्श कळत नाही, म्हणून कोठे खरचटले, कोठे भाजले, हे तो पुनःपुन्हा डोळ्यांनी तपासतो. हा तपशील कल्पनेतला नव्हे. रोगजंतू मज्जातंतू निकामी करतात, वेदना नाहीशी होते आणि न जाणवलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात.

असा हा मनुष्य एका अद्भुत देशात जाऊन पडतो. तेथील औषधी मातीने त्याची संवेदना परत येते. परंतु यावर विश्वास ठेवला तर आपली सावधगिरी सुटेल आणि आपण मरू, या भीतीने तो त्या देशास खरे मानीतच नाही. आणि संवेदना परतल्याच्या उन्मादात, जिने माती लावली त्या लीना नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीवरच तो बलात्कार करतो.

येथे वाचकांत तट पडले. कित्येकांनी पुस्तक येथेच मिटले. कित्येक पुढे गेले, पण नायकाच्या कुरकुरीस कंटाळले. काहींनी भाषेची थट्टा केली. निक लो यांनी १९८६ च्या एका लेखात एक खेळच वर्णिला आहे : कोणतेही पान उघडावे, ‘आवळणे’ या अर्थाचा ‘क्लेंच’ हा शब्द ज्यास प्रथम सापडेल तो जिंकला! तरीही चाहत्यांचा वर्ग मोठा राहिला आणि १९७९ साली लेखकास उत्कृष्ट नवोदिताचा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल पुरस्कार लाभला.

वाचकहो, या तक्रारी एकाच मापाने मोजू नयेत, असे आम्हांस वाटते. भाषेची थट्टा रास्त आहे. ती सोडून देऊ. कुरकुरीची तक्रार मात्र आम्हांस खटकते. रुग्णाने निमूट सोसावे आणि वर गोड बोलावे, ही आपली अपेक्षा जुनी आहे. बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ आभार मानावयास परतले नाहीत. म्हणून प्रभूने त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. आपण मात्र कठोर राहिलो. बहुविध औषधांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविला, रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी ख्रिस्ती समाजास लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातून कुष्ठरोग हे कारण वगळले गेले ते २०१९ साली. कव्हेनंटचा कडवटपणा कोठून येतो, हे आणखी कोणी सांगावयास नको.

लीनेबद्दलचा राग वेगळा, आणि तो न्याय्य आहे. लेखक गुन्ह्यावर पांघरूण घालीत नाही, हे मान्य. लीनेचे मन ढळते, पुढच्या पिढीलाही त्या कृत्याची फळे भोगावी लागतात. परंतु तिचे दुःख आपणांस दिसते ते बहुधा अपराध्याच्या पश्चात्तापातून. बधिर बोटांचे एवढे बारीक वर्णन करणारी लेखणी त्या मुलीच्या वेदनेपाशी स्वतःच बधिर होते. १९८० पासूनच्या दुसऱ्या त्रयीत लिंडेन एव्हरी ही स्त्री डॉक्टर येते आणि तोल काहीसा सावरतो. पण लीनेस त्याचा काय उपयोग?

पुस्तक आमच्या कपाटात आहे. यापुढे मागणाऱ्यास आत काय आहे ते आधी सांगू. कोणी अर्ध्यावर परत केले, तर कारण विचारू. लीनेसाठी केले असेल तर आमचा वाद नाही. आजारी माणूस गोड बोलत नाही म्हणून केले असेल, तर मात्र त्यास घटकाभर बसवून घेऊ.