खिडकीपलीकडे गार्ड नसतो

विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही हिंदी कादंबरी १९९७ साली आली आणि १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्याविषयी लिहिताना ‘जादुई वास्तववाद’ आणि ‘स्वतःचा शोध’ हे शब्द हटकून येतात. मी ती धानोरा तालुक्यात शिकवत असताना वाचली, आणि तेव्हापासून हे दोन्ही शब्द मला खटकतात. शुक्ल जन्माने राजनांदगावचे, म्हणजे कोरचीच्या पलीकडचे. रान जवळपास तेच.

कथानक म्हणावे तर थोडकेच. रघुवर प्रसाद हा गणिताचा प्राध्यापक, त्याची नवी नवरी सोनसी, भाड्याची एक खोली. कॉलेजला जायला टेम्पोची वाट पाहायची. मग एक साधू त्याला हत्तीवरून नेऊ लागतो. खोलीच्या खिडकीतून पलीकडे उतरले की सारवलेली वाट, तळे, चहा देणारी म्हातारी. दोघे जातात, परत येतात. इतकेच. कादंबरी संथ असल्याची तक्रार पुण्याचे मित्र करतात. दिवसातून दोनदा येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला तिचा वेग बरोबर वाटतो.

खिडकीचा भाग मी एकदा वर्गात मराठीतून सांगितला. पोरे आ वासून ऐकतील असे वाटले होते. एका मुलीने विचारले, “सर, तिकडे गार्ड नाही रायत का?”

हा प्रश्न मी कुठल्याच समीक्षेत वाचलेला नाही. आमच्याकडे घरामागे जंगल असते, त्यासाठी खिडकी लागत नाही. लागतो तो परवाना. इथला बांबू वर्षानुवर्षे कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता (कादंबऱ्याही अखेर कागदावरच छापतात), आणि गावकऱ्याने तोच बांबू विकायला नेला तर तो गुन्हा. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. हे ध्यानात घेतले की शुक्लांच्या खिडकीतली अद्भुत गोष्ट तळे नव्हे. तिकडे कोणी कुणाला अडवत नाही, ही आहे. जादू म्हटले की ही बाजू झाकली जाते, म्हणून तो शब्द मला नको.

‘स्वतःचा शोध’ तर इथे मुळीच नाही. रघुवर प्रसाद हरवलेलाच नाही. त्याला पगार पुरत नाही आणि जागा पुरत नाही.

मात्र कादंबरीला एक गोष्ट दिसलेली नाही. पलीकडच्या रानात सोनसीला काम नाही. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत बाया पहाटे टोपली घेऊन निघतात, ऊन चढेपर्यंत वाकून फुले वेचतात. रानात हात रिकामे ठेवून गेलेली बाई मी पाहिली नाही. शुक्लांचे रान नोकरदाराच्या सुट्टीचे रान आहे. हे मी कादंबरीवर प्रेम असूनही म्हणतो, आणि माझेही रान तसेच होते हे कबूल करून.

ती मुलगी पुढल्या आठवड्यात वर्गात आली नाही. मोह पडायला लागला होता.