कोलोसियममधील ऊन

अठराव्या शतकात इंग्लंडमधील धनिकांची मुले शिक्षणाचा अखेरचा भाग म्हणून इटलीचा प्रवास करीत आणि परतताना रोमच्या भग्नावशेषांची चित्रे घेऊन येत. या मागणीतून अशा चित्रांचा एक साचाच तयार झाला. कोसळलेली कमान, तिच्यावर चढलेला वेल, पायथ्याशी शेळ्या राखणारा गुराखी आणि सर्वांवर मावळतीची सोनेरी छटा! ‘वैभव नश्वर आहे’ हे प्रवचन चित्रकाराने आधीच उरकलेले असते. पाहणाऱ्याने केवळ मान डोलवायची. प्रवचन करणे हे ज्याचे नित्याचे काम, त्या माझ्यासारख्यालाही ते लवकरच कंटाळवाणे होते.

फ्रान्सिस टाउन या चित्रकाराचे १७८० मधील ‘कोलोसियमच्या आत’ हे जलरंगचित्र या साच्यात बसत नाही. टाउन एक्सेटर येथे चित्रकला शिकवून उदरनिर्वाह करीत असे. चाळिशीच्या सुमारास तो रोमला गेला आणि १७८१ मध्ये आल्प्समार्गे मायदेशी परतला. त्याची रीत वरकरणी अगदी साधी आहे. आधी शाईची स्वच्छ, ठाम रेषा. मग तिच्या आत पातळ रंगाचे सपाट थर. सावली हा एक आकार, ऊन हा दुसरा. दोहोंच्या सीमेवर कसलीही घालमेल नाही. पिरानेझीच्या कोरीव चित्रांत रोमच्या वास्तू अवाढव्य होतात आणि माणसे मुंग्यांएवढी. टाउन कोणालाही दिपवू पाहत नाही. ऊन कोणत्या बाजूने येत होते, वेळ सकाळची की दुपारची, अशा नोंदी त्याने आपल्या अनेक चित्रांवर करून ठेवल्या आहेत. दीड हजारांहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या भिंतीची त्याने एकच घटका टिपली.

आपल्या वाचकांना कोलोसियम परिचित आहे ते निराळ्या कारणाने. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी गुड फ्रायडेची क्रुसाची वाट तेथे पुन्हा सुरू केली. ‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण असे की, १७५० च्या पवित्र वर्षात पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत तेथे चौदा स्थानके उभारली गेली होती. टाउन आत शिरला तेव्हा ती जागेवर होती. १८७४ मध्ये उत्खननासाठी ती काढण्यात आली. नेमके याच जागी ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांनी प्राण दिले, याचा खात्रीचा समकालीन पुरावा नाही, असे इतिहासकार सांगतात. तथापि शतकानुशतके तेथील दगड उपसून नेले जात होते, त्याला आळा घालण्यास ही श्रद्धाच कारणीभूत झाली, हेही विसरता येत नाही.

अशा ठिकाणी बसून या माणसाला केवळ ऊन दिसावे काय? हा आक्षेप रास्त आहे. टाउनची नजर भाविकांकडे नाही, भिंतीकडे आहे. प्रॉटेस्टंट समाजात वाढलेल्या चित्रकाराकडून स्थानकांविषयी जिव्हाळ्याची अपेक्षा करणे हा अन्याय ठरेल. परंतु त्याच्या चित्रांत एकंदरीतच मानवी ऊब कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याची झाडेझुडपेही कधी कधी कात्रीने कापल्यासारखी वाटतात. असे असूनही मी त्याच्या बाजूने उभा राहीन. त्या दगडांच्या तोंडी त्याने स्वतःचे शब्द घातले नाहीत. क्रूर खेळ पाहणाऱ्यांची आसने आणि पुढे गुडघे टेकणाऱ्यांची जागा, दोन्हींवर पडणारे ऊन एकच होते, आणि ते त्याने लबाडी न करता रंगविले. भक्तिपर म्हणून छापल्या जाणाऱ्या कित्येक गुळगुळीत चित्रांपेक्षा मला हा अलिप्तपणा अधिक आदराचा वाटतो.

त्याच्या हयातीत हे फारसे कोणाला पटले नाही. लंडनच्या रॉयल अकादमीने त्याला वारंवार अर्ज करूनही सदस्य करून घेतले नाही. १८०५ मध्ये त्याने स्वतःच लंडनमध्ये आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. १८१६ मध्ये तो वारला तेव्हा रोमची चित्रे त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली होती. पण शंभर वर्षे त्याचे नाव जवळजवळ कोणी घेतले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल ओपे या अभ्यासकाने त्याला पुन्हा उजेडात आणले. जलरंग उजेडाने विटतात, म्हणून ती चित्रे संग्रहालयात बहुतेक काळ अंधारात ठेवावी लागतात. २०१६ मध्ये, त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, ती काही महिने भिंतीवर लावण्यात आली होती.