माउली म्हटलेला देव

मराठीत ‘माउली’ हा शब्द केवळ आईपुरता राहिलेला नाही. वारकऱ्यांनी तो ज्ञानदेवांना दिला, विठोबालाही दिला. आपण कॅथॉलिक भाविक मात्र तो वांद्र्याच्या मोत माउलीपाशी ठेवून निश्चिंत झालो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भजने पुन्हा वाचताना ही आपली उणीव ध्यानात येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तालाच माउली म्हणून हाक मारली. त्याच्या ठायी आई आणि गुरू एकत्र पाहिले.

हा केवळ वारकरी अलंकार आहे काय? तसे म्हणता येणार नाही. आईप्रमाणे सांत्वन करण्याचे वचन यशयाच्या ग्रंथात देव स्वतः देतो. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा तर प्रभूने स्वतःलाच लावली. १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार बांधवांचा धर्मप्रांत स्थापन झाला. ते ज्या सिरियाक परंपरेचे वारस आहेत, तिच्या भाषेत ‘आत्मा’ हा शब्द मुळात स्त्रीलिंगी असून चौथ्या शतकातील अफ्राहात या लेखकाने पवित्र आत्म्याला माता म्हटले आहे. देव पिता आहेच, त्याहूनही अधिक माता आहे, असे पोप जॉन पॉल पहिले यांनीही १० सप्टेंबर १९७८ रोजी सांगितले. टिळकांची हाक परकी नाही, ती याच कुळातली आहे.

एक उणे मात्र जाणवते. टिळकांची माउली प्रामुख्याने कुरवाळणारी आहे. पवित्र शास्त्रातील मातृरूप याहून व्यापक आहे. यशयाचा देव प्रसववेदनांनी कण्हतो. होशेयचा देव पिले हिरावलेल्या अस्वलीसारखा चवताळतो. पहाटे डबे भरून डोंबिवलीची लोकल गाठणाऱ्या आईचे बळही या माउलीत उतरावयास हवे होते.

यामुळे मरियामातेचा मान उणावतो काय? मुळीच नाही. इफिसच्या धर्मसभेने ४३१ साली तिला देवमाता म्हटले, ते तिच्या पुत्राच्या देवत्वाची ग्वाही म्हणून. ती देवी नव्हे. सारे वात्सल्य तिच्याकडे सोपवून देवाच्या हाती केवळ न्यायदंड ठेवणे, हा तिचाही सन्मान नव्हे.

घरात बापाचा धाकच सोसलेली लेकरे प्रार्थनेत ‘पिता’ म्हणताना अडखळतात. प्रभूने शिकवलेली ती हाक आपण सोडणार नाही. पण तो पिता कसा आहे, हे अशा लेकराला सांगू जाताना टिळकांचे भजन आपल्या ओठी असावे.